स्टार सिटिझन सुरू करायचंय? परभणीहून स्टँटनपर्यंतची वाट

गावात मारुतीच्या देवळापुढं सभामंडप बांधायचा ठरला की काय होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. चार जाणती माणसं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. कुणी पाचशे देतं, कुणी सिमेंटची दहा पोती, पुण्याला नोकरीला असलेला कुणी एकदम पाच हजार पाठवतो. पैसे देताना मंडप नसतो. असतो तो कागदावरचा नकाशा आणि मागायला आलेल्या माणसांवरचा भरवसा. दोन वर्षांत होईल म्हणतात, काम सात वर्षं चालतं. पण खांब उभे राहिले की पावती फाडलेला प्रत्येक जण येता-जाता त्यांना हात लावून बघतो.

‘स्टार सिटिझन’ हा अंतराळाचा ऑनलाइन गेम असाच उभा राहतोय. फरक इतकाच, की वर्गणी साऱ्या जगातून येते आणि आजवर ती ८० कोटी डॉलरच्या वर गेलीय. गेम अजून पूर्ण झालेला नाही, पण जेवढा झालाय तेवढा आज खेळता येतो.

मी परभणीचा. हा गेम काही वर्षांपासून खेळतोय, आणि मोठा पॅच, म्हणजे गेममधली नवी भर, येणार असला की आदल्या रात्री मला अजूनही नीट झोप लागत नाही. अलीकडं नांदेड, जालना, गंगाखेड, उदगीरकडची पोरं विचारतात, “दादा, सुरुवात कुठून करू? पैसे किती लागतील? माझ्या कॉम्प्युटरवर चालेल का?” इंग्रजीत सांगणारे हजार आहेत. पण आपल्याकडची लाईट, आपला उन्हाळा आणि आपला खिसा धरून कुणी सांगत नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

आधी समजून घ्या, हे आहे काय

ऑक्टोबर २०१२ मध्ये क्रिस रॉबर्ट्स यांनी हा गेम जाहीर केला. १९९० मध्ये आलेला ‘विंग कमांडर’ त्यांचाच. बड्या प्रकाशक कंपन्यांकडं न जाता ते थेट खेळणाऱ्यांकडं गेले. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५ लाख डॉलर मागितले होते, तिथंच २१ लाख जमले. स्वतःच्या संकेतस्थळावर आलेले धरून नोव्हेंबर २०१२ पर्यंत आकडा ६२ लाखांवर गेला.

तेव्हा सांगितलं होतं, नोव्हेंबर २०१४ मध्ये गेम येईल. आला नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये फक्त हँगर आलं. म्हणजे आपलं जहाज उभं आहे, त्याच्याभोवती फिरा, आत बसा, एवढंच. जून २०१४ मध्ये लढाईचं छोटं मैदान आलं. डिसेंबर २०१५ च्या अल्फा (म्हणजे अजून घडत असलेल्या, अपुऱ्या आवृत्तीच्या) २.० मध्ये पहिल्यांदा मोकळ्या अंतराळात हिंडता आलं. डिसेंबर २०१७ च्या ३.० मध्ये चंद्रांवर उतरता आलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये ४.० आलं, तेव्हा स्टँटन या पहिल्या सूर्यमालेतून पायरो या दुसऱ्या सूर्यमालेत जाण्याची वाट उघडली.

याच कंपनीचा ‘स्क्वॉड्रन ४२’ हा एकट्यानं खेळायचा, कथेचा गेम वेगळा आहे. त्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये २०२६ हे वर्ष जाहीर झालं. दोघांची गल्लत करू नका. हा लेख ऑनलाइन गेमबद्दल आहे.

उशीर का झाला? पैसे वाढले तसा नकाशा वाढला, हे एक. उशिरावर जी टीका होते ती रास्तच आहे, मी स्वतःही कितीदा वैतागलोय. पण दुसरं कारण तांत्रिक आहे आणि ते समजून घेण्याजोगं आहे. खोलीतल्या पलंगावरून उठायचं, लिफ्टनं खाली यायचं, जहाजात बसायचं, आभाळ ओलांडायचं, दुसऱ्या ग्रहावर उतरून दार उघडून बाहेर पाऊल टाकायचं, आणि या सगळ्यात कुठंही ‘लोड होत आहे’ असा पडदा येत नाही. हर्स्टन ग्रहाची त्रिज्या १००० किलोमीटर आहे. त्याला प्रदक्षिणा घालायची तर ६,००० किलोमीटरच्या वर अंतर होतं, आणि वाटेत मनात येईल त्या टेकाडावर उतरता येतं.

एवढ्या जगात शेकडो माणसं एकत्र ठेवायची कशी? सप्ताहातल्या काल्याची पंगत आठवा. हजारो पानं मांडलेली असताना एकच वाढपी असेल तर शेवटच्या पानापर्यंत भात पोचायला संध्याकाळ होईल. म्हणून प्रत्येक ओळीला वेगळा वाढपी. पण या ओळीतला माणूस उठून त्या ओळीत बसला, तर त्याच्या पानात काय वाढून झालंय हे नव्या वाढप्याला कळायला हवं. ‘सर्व्हर मेशिंग’ म्हणतात ते हेच. एक ग्रह एका सर्व्हरकडं, दुसरा दुसऱ्याकडं, आणि कुणाचं जहाज कुठं, कुणाच्या हातात काय, याची वही मधोमध एका जागी. पूर्वी एका जगात शंभरेक खेळाडू मावायचे, ४.० पासून शेकडो मावतात. ही घडी बसवायला वर्षं गेली आणि ती अजून पूर्ण बसलेली नाही. मधूनच लिफ्ट येत नाही, दार उघडत नाही, सर्व्हर कोसळतो. हे मनाशी धरूनच आत या.

पहिली पायरी: एक रुपयाही काढू नका

वर्षातून काही वेळा ‘फ्री फ्लाय’ असतो. त्या दिवसांत खातं उघडणाऱ्या कुणालाही गेम फुकट खेळता येतो आणि काही जहाजंही चालवायला मिळतात. साधारण मे महिन्यात ‘इन्व्हिक्टस’ नावाचा सोहळा असतो आणि नोव्हेंबरात जहाजांचं मोठं प्रदर्शन भरतं. हे दोन मुक्काम पक्के धरा.

माझं ऐकाल तर नोव्हेंबर निवडा. प्रदर्शनात जहाजं खरोखर रांगेनं मांडलेली असतात. आपण आपल्या पायांनी चालत जाऊन आत शिरून बघायचं, आवडलं तर चालवायला घ्यायचं. सोनपेठच्या बाजारात बैल बघतात तसं दात मोजून बघता येतं. आणि हवा गार असते, त्याचं महत्त्व पुढं कळेल. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. फुकट आठवड्यात गर्दी उसळते, सर्व्हर दमतात, गेम एरवीपेक्षा जास्त अडखळतो. तेवढ्यावरून मत बनवू नका, पहाटे किंवा दुपारी खेळून बघा.

दुसरी पायरी: कॉम्प्युटर

फोनवर नाही, प्लेस्टेशनवर नाही, फक्त विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर. एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, हवीच, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर टाकायच्या भानगडीत पडू नका. १०० जीबीच्या वर जागा खातो, मी १५० मोकळी ठेवायला सांगतो. रॅम किमान १६ जीबी, पण १६ वर शहरात शिरताना चित्र खिळत-खिळत चालतं. ३२ केली की फरक डोळ्यांना दिसतो. पैसे मोजकेच असतील तर आधी एसएसडी, मग रॅम, ग्राफिक्स कार्ड त्यानंतर. पुष्कळजण उलटं करतात, भारी कार्ड घेतात आणि रॅम तशीच ठेवतात.

तिसरी पायरी: लाईट, नेट आणि ऊन

ही पायरी तुम्हाला दुसरीकडं कुठं वाचायला मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मे महिन्याची गोष्ट. मी खेळात महिनाभर कमावलेले सगळे पैसे घालून माल भरला होता. डेमार या चंद्रावरून नुकता वर आलो होतो. बाहेर वळवाचं वारं सुटलं, पत्रे वाजायला लागले आणि लाईट गेली. पडदा काळा. दीड तासानं लाईट आली, आत गेलो. जहाज विम्यातून परत मिळालं, माल मात्र गेला तो गेलाच. महिन्याची कमाई एका वाऱ्यात गेली, त्या रात्री मी जेवलोही नाही.

त्यानंतर मी जे केलं ते तुम्ही आधीच करा. दुकानात ‘कॉम्प्युटरचा यूपीएस’ म्हणून मिळतो तो बहुतेक ६०० व्हीएचा असतो. तो साधारण ३६० वॉटपर्यंतच भार उचलतो. हापिसातल्या साध्या कॉम्प्युटरला तो पुरतो, पण ग्राफिक्स कार्ड जोरात चाललं की गेमिंगचा कॉम्प्युटर त्याच्या पलीकडं जातो. मग लाईट गेली की यूपीएस नुसता किंचाळतो आणि सगळं बंद पडतं. ११०० व्हीएचा घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं बघा, पुष्कळ इन्व्हर्टरवर एक खटका असतो, ‘यूपीएस मोड’चा. तो चालू नसेल तर लाईट जाऊन बॅटरीवर येईपर्यंतच्या क्षणात पंख्याला काही होत नाही, पण कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो. खटका फिरवला की तो क्षण इतका लहान होतो की कॉम्प्युटर तग धरतो. हा खटका मला एका वायरमन काकांनी दाखवला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनीच अर्थिंगही तपासून दिलं. जुन्या घरात तिसऱ्या पिनला बहुतेक वेळा काहीच जोडलेलं नसतं, तुम्हीही बघून घ्या.

राउटर विसरू नका. कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद, तर काय उपयोग? १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, डब्याएवढा असतो, तो लावा.

नेटचा हिशोब असा. ४० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला पूर्ण वेगानं चाललं तरी साडेपाच तास लागतात. म्हणून फ्री फ्लायच्या दिवशी उतरवायला बसू नका, आदल्या रात्री लावून झोपा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायचा विचार सोडूनच द्या. खेळताना मात्र नेटचा वेग फार लागत नाही, लाइन स्थिर हवी. शक्य असेल तर राउटरपासून तार ओढा. सर्व्हर निवडायची सोय आहे, तिथं आशिया निवडा.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. हा गेम कॉम्प्युटरला तापवतो, त्यात खोलीच तापलेली. आपल्याकडं कूलर असतो. कूलरची ओली हवा थेट कॉम्प्युटरवर सोडू नका. आपल्या बोअरच्या जड पाण्याचे तुषार आणि काळ्या मातीची बारीक धूळ मिळून आत पांढुरका थर बसतो, मी तो ब्रशनं खरवडून काढलाय. कूलर तुमच्याकडं वळवा, कॉम्प्युटरकडं नको. महिन्यातून एकदा पंखे साफ करा. उन्हाळ्यात मी पहाटे पाचला उठून खेळतो. गारवा असतो, लाईट टिकते आणि सर्व्हरवर गर्दीही कमी असते.

चौथी पायरी: खातं

गेमच्या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडायचं आणि लाँचर, म्हणजे गेम उतरवणारा आणि सुरू करणारा प्रोग्राम, उतरवून घ्यायचा. ईमेल तुमचा नेहमीचा द्या, दुहेरी पडताळणी चालू करा. खातं उघडताना रेफरल कोडचा रकाना येतो. ओळखीतल्या कुणाचा कोड टाकलात तर सुरुवातीला थोडे खेळातले पैसे जास्त मिळतात. घाईत तो रकाना मोकळा सोडू नका.

पाचवी पायरी: पहिलं उड्डाण

हे मी माझ्या भाच्याच्या पहिल्या रात्रीवरून सांगतो. पोरगा अकरावीला, गाव औंढा नागनाथच्या रस्त्याला. नोव्हेंबरच्या फ्री फ्लायला शनिवारी संध्याकाळी एसटीनं आला, हातपाय धुतले आणि थेट खुर्चीत.

सुरुवातीला गेम विचारतो, घर कुठं हवं? स्टँटनमध्ये चार ग्रह आहेत, प्रत्येकावर एक मोठं शहर. हर्स्टनवर लॉरव्हिल, आर्ककॉर्पवर एरिया १८, मायक्रोटेकवर न्यू बॅबेज आणि क्रुसेडर या वायूच्या ग्रहावर ढगांत तरंगणारं ओरिसन. ओरिसन पाहून जीव हरखतो, पण नवख्यानं तिथं घर करू नये, जहाजापर्यंत पोचायलाच फार वेळ जातो. भाच्यानं लॉरव्हिल घेतलं. धुरानं काळवंडलेलं कारखान्यांचं शहर आहे, पण तिथली आगगाडी मला आवडते, म्हणून मी अडवलं नाही.

“मामा, हा उठतच नाही.”

“वाय दाबून धर. नुसतं दाबू नको, धरून ठेव.”

पलंगावरून, खुर्चीवरून, जहाजाच्या आसनावरून उठायला वाय धरून ठेवायचं. कशालाही हात लावायचा तर एफ. दार, लिफ्ट, बटण, सगळं एफ. मनगटावर मोबीग्लास नावाचं यंत्र आहे, ते एफ १ वर उघडतं. नकाशा एफ २ वर. पायी हिंडायला पहिल्या रात्री एवढी चार बटणं पुरतात. बाकीची पॅचगणिक बदलत असतात, सेटिंगमध्ये बघून घ्या. निघण्याआधी अंगात सूट आणि डोक्यावर हेल्मेट आहे ना, तेवढं तपासा. त्याच्याशिवाय हवा नसलेल्या जागी दार उघडलंत तर संपलं. खाण्यापिण्याकडंही लक्ष असू द्या, या गेममध्ये भूक-तहान लागते.

लिफ्टनं खाली, मग आगगाडीनं टीसा अंतराळतळावर. तिथं भिंतीला लावलेल्या यंत्रावर आपलं जहाज मागवायचं. यंत्र हँगरचा क्रमांक सांगतं, तो लक्षात ठेवून लिफ्टमध्ये तोच निवडायचा. भाचा क्रमांक न बघताच निघाला आणि परत आला. सगळ्यांचं हे एकदा होतं.

हँगरमध्ये उभी होती ती ऑरोरा, सगळ्यात साध्या जहाजांपैकी एक. तो तिच्याभोवती दोनदा फिरला, खाली वाकून चाकं बघितली. मग आत. इंजिन चालू केलं, नियंत्रण कक्षाकडं उड्डाणाची परवानगी मागितली. ही परवानगी जाताना लागते आणि उतरतानाही लागते. डोक्यावरचं छत सरकलं आणि उजेड खाली आला. स्पेस दाबलं की जहाज सरळ वर उठतं, कंट्रोल दाबलं की खाली, डब्ल्यूनं पुढं. एननं चाकं आत-बाहेर.

जमिनीपासून सुटल्यावर तो काही बोलला नाही. धुराचा थर मागं पडला, आभाळ गर्द होत गेलं, वाऱ्याचा आवाज विरत-विरत थांबला आणि चांदण्या निघाल्या. त्यानं माऊसवरचा हात काढून घेतला.

“मामा, ही पहाट आहे का?”

ग्रहाच्या कडेवर सूर्य उगवत होता. आपण उंचावर असल्यानं खालच्या शहरात अजून अंधार आणि आपल्या काचेवर ऊन. दहा मिनिटं आम्ही नुसते बघत बसलो. मला पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा माझंही असंच झालं होतं, आणि आजही प्रत्येक वेळी मी तिथं क्षणभर थांबतोच.

चालवण्याची एक गोष्ट नवख्याला छळते. पावसात काळ्या रानातून मोटारसायकल चालवली असेल तर तुम्हाला ती लवकर कळेल. चाक वळवलं तरी गाडी घसरत मूळच्या दिशेनंच जाते ना? अंतराळात तसंच. नाक वळवलं म्हणजे जहाज वळलं असं नाही, आधीचा वेग त्याला ओढतच राहतो. म्हणून वळायच्या आधी वेग कमी करा, एक्स दाबला की जहाज थांबायला लागतं. उतरताना तर दूरवरूनच वेग उतरवा.

लांब जायला क्वांटम प्रवास असतो. नकाशात ठिकाण निवडायचं, जहाज प्रवासाच्या मोडवर आणायचं, नाक त्या दिशेला धरायचं आणि तयारी पूर्ण झाली की झेप. नकाशात अंतर गिगामीटरमध्ये दिसतं. १ गिगामीटर म्हणजे १० लाख किलोमीटर, आणि आपला खरा चंद्र पृथ्वीपासून साधारण ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. हे भाच्याला सांगितल्यावर त्यानं वहीत गणित मांडून बघितलं. त्याच्या गावाकडच्या रस्त्यावर लायगो-इंडिया या वेधशाळेचं काम चाललंय. गुरुत्वीय लहरी टिपायला चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा तिथं उभ्या राहणार आहेत, एप्रिल २०२३ मध्ये त्याला २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. रोज एसटीच्या खिडकीतून तो फाटा बघणारं पोरगं त्या रात्री पहिल्यांदा मला विचारत होतं की तिथं नेमकं काय मोजणार आहेत.

उतरताना त्यानं चाकं काढली नाहीत आणि परवानगीही मागितली नाही. जहाज फुटलं, डोळे उघडले ते दवाखान्यात. मेलात तर या गेममध्ये असंच होतं. जहाज त्याच यंत्रावर विमा मागून परत मिळतं, थोडा वेळ थांबावं लागतं इतकंच. घाबरायचं कारण नाही.

सहावी पायरी: पहिले पैसे

मोबीग्लासमध्ये कामांची यादी असते. पहिल्या आठवड्यात फक्त पेट्या पोचवायची कामं घ्या, तीही एकाच ग्रहाच्या आसपासची. पैसे कमी मिळतात, पण वाटा कळतात, उतरण्याचा हात बसतो. मग माल वाहतूक. माल एससीयू या मापानं मोजतात, एक एससीयू म्हणजे सव्वा मीटरचा चौकोनी खोका. कमाईतले निम्मेच पैसे मालात घाला. का, ते वर सांगितलंय.

पायरोत इतक्यात जाऊ नका. तिथं कायदा नाही, लुटारूंच्या टोळ्या आहेत, आणि रिकाम्या हातानं आलेल्या नवख्यालाही सोडत नाहीत. मात्र कुठं अडकलात, इंधन संपलं, जखमी झालात तर मदतीची हाक द्यायची सोय आहे, आणि अनोळखी माणसं खरोखर धावून येतात. मला एकदा येला चंद्राच्या बर्फावरून उचलायला कुणी परका माणूस स्वतःचं काम टाकून आला होता. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

आपल्या भाषेतली चार माणसं सोबत असतील तर सगळं सोपं होतं. मोठ्या जहाजात एकानं चालवायचं, एकानं तोफेवर बसायचं, एकानं माल सांभाळायचा. आम्ही शनिवारी रात्री एकत्र उडतो, परभणीचे दोघं, एक वसमतचा, एक लातूरहून पुण्याला गेलेला. “डावीकडून आला रे, डावीकडून!” असं मराठीत ओरडत अंतराळात लढण्यात जी मजा आहे ती लिहून सांगता येत नाही.

सातवी पायरी: आता पैशांचं

आवडला? मग सगळ्यात स्वस्त पॅकेज घ्या. ऑरोरा किंवा मस्टँग या साध्या जहाजाचं, ४५ डॉलरच्या आसपास, म्हणजे चार हजारांच्या घरात, वर कर वेगळा. ते एकदाच, महिन्याला काही भरावं लागत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते सुरुवातीला बंदच असतात. बँक परकीय चलनाचं थोडं शुल्कही लावते.

आणि तिथंच थांबा. हे मी कळकळीनं सांगतोय. संकेतस्थळावर शेकडो डॉलरची जहाजं आहेत. २०१८ मध्ये तर जवळपास सगळी जहाजं एकत्र असलेला एक गठ्ठा २७,००० डॉलरला ठेवला होता. काही जहाजं विकली जातात पण अजून बनलेलीच नाहीत, फक्त चित्रं आहेत. ती अजिबात घेऊ नका. बहुतेक बनलेली जहाजं खेळातल्या पैशांवर खेळातच विकत मिळतात. लॉरव्हिलमध्ये ‘न्यू डील’ नावाचं दुकान आहे, तिथं जाऊन उभं राहा आणि काय घ्यायचं ते ठरवा. ॲव्हेंजर टायटन या जहाजासाठी पैसे साठवा. आठ एससीयू माल, बरी शस्त्रं आणि मागं झोपायला पलंग. मी दीड महिना पेट्या वाहून ती घेतली, आणि विकत घेतलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा मला तिचं अप्रूप आहे.

गेम अल्फात असेपर्यंत खेळात कमावलेलं सगळं एखाद्या दिवशी पुसलं जाऊ शकतं, हेही मान्य करून चला. खऱ्या पैशांचं जहाज राहतं, खेळातलं जाऊ शकतं. या भीतीनं पोरं कार्ड काढतात. काढू नका. आठ-दहा हजारांचं जहाज हे खत-बियाणांचे पैसे असतात, वसतिगृहाचं भाडं असतं. आणि वडिलांचं कार्ड असेल तर ते घरात असताना, त्यांच्यासमोर, त्यांना दाखवून वापरा.

शेवटची पायरी: झोपायचं कसं

खेळ बंद करायलाही इथं शिकावं लागतं. मध्येच बाहेर पडलात तर दुसऱ्या दिवशी परत शहरातून, लिफ्ट आणि आगगाडीनं सुरुवात. पण जहाजात पलंग असेल, ऑरोरात आहे, टायटनमध्ये आहे, तर कुठल्यातरी शांत चंद्रावर उतरा. रस्त्यापासून, तळांपासून लांब, एखाद्या दरीत. इंजिन आणि दिवे बंद करा. आसनावरून उठून मागं जा, पलंगावर आडवे व्हा आणि तिथूनच बाहेर पडा. दुसऱ्या दिवशी त्याच पलंगावर जाग येते, जहाज जिथं ठेवलं तिथंच.

भाच्यानं रविवारी रात्री ऑरोरा डेमारच्या वाळूत उतरवली, यावेळी चाकं काढून. दिवे मालवले. मग कॉम्प्युटर बंद करून आम्ही गच्चीवर अंथरुणं टाकली.